वस्तादाचं रक्त

माझा नवरा न्हावी. गल्लीत सगळे त्याला वस्ताद म्हणतात, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. डॉक्टरीणबाईंनी जांघेतून तार घालून वाहिनीत जाळीची नळी बसवली, स्टेंट म्हणतात तो, आणि फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरली. घरी सोडताना बजावलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल."

पण गोळ्यांमुळं झालं असं, की स्वतःची दाढी करताना जरा पातं लागलं तरी ह्याचं रक्त थांबेना. गिऱ्हाइकं हसायची. "वस्ताद, स्वतःची मान सांभाळता येईना, आमची काय सांभाळणार?" मेंदूच्या ऑपरेशनला न डगमगलेला माणूस ह्या टोमण्यानं खचला. काय म्हणावं ह्या अकलेला.

आज सकाळी दुकानात त्याच्या हातातून कात्री पडली. तोंड वाकडं, वाचा गेलेली, उजवा हात लुळा. धाकटे दीर आणि मी त्याला घेऊन दवाखान्यात धावलो.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं. "गुठळी आहे की रक्तस्राव, दोन्हींचे उपचार उलटे आहेत."

"एकही चुकली नाही," दीर म्हणाले. माझ्याकडे बघेनात.

मी नवऱ्याच्या हनुवटीकडे बघितलं. सकाळीच कापलेलं, आणि वर सुकलेली खपली. गोळी पोटात असती तर बनियन भिजला असता. मग रोज मी तळहातावर ठेवलेल्या गोळ्या गेल्या कुठं?

"भाऊजी, खरं सांगा."

"वहिनी, चारचौघांत दादाची अब्रू..."

"चुलीत घाला ती अब्रू. माणूस चाललाय."

मी नवऱ्यावर वाकले. लग्नापासून अहो-जाहो करत आले, आज तोंड सुटलं.

"गोळ्या थुंकत होतास ना? हो असेल तर हात दाब."

त्यानं डाव्या हातानं माझी बोटं दाबली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बाई, बंद केल्यात ह्यानं," मी सांगितलं. त्यांनी लगेच स्ट्रेचर हलवायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी सरळ खरं बोलला होता, तेही वाचा गेल्यावर. माझी बोटं तो सोडेना. दारापाशी नर्सनं ती सोडवली.

जगून ये तू. मग बघते तुझ्याकडे.