घड्याळ की छत्री

ऑफिसात त्या बाईंना सगळे खोडरबर म्हणत. धोक्याच्या ठिकाणच्या प्रवासाचा कोणताही बेत तपासायला त्यांच्या टेबलावर गेला की अर्धाअधिक पुसला जाऊनच परत यायचा. पंप दुरुस्त करणाऱ्या फिटरच्या बेताचं तर त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. हॉटेल पुसलं, कारण ते मुख्य रस्त्यावर. रस्ता पुसला, कारण पुलावर नाकाबंदी. परतीचा दिवस तेवढा वाचला, पण तोही त्यांनी अलीकडे ओढला.

आज त्यांनी फिटरच्या बायकोलाही बोलावलं होतं. वहिनी आल्या त्याच मुळी भांडायच्या तयारीने. लढाई पेटलेल्या ज्या शहरातून लोक मिळेल त्या वाटेने बाहेर पडताहेत, तिथे आपल्या नवऱ्याला धाडणारी ही बाई आहे तरी कोण, हे त्यांना एकदा बघायचं होतं.

"यांच्याशिवाय दुसरं कुणी नाही का?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"मीही तेच विचारत होते," बाई म्हणाल्या. "फोनवर सांगून जमेल का, तिथलं कुणी करेल का. सगळं करून बघितलं, वहिनी."

करून बघितलं होतं, हे वहिनींनाही ठाऊक होतं. तिथल्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनना शुद्ध पाणी पुरवणारा पंप बंद पडला होता, आणि फिटर रोज भरलं ताट सोडून फोनवर "तो नाही हो, त्याच्या खालचा नट!" असं ओरडत बसायचा. पंप काही सुरू झाला नाही. पेशंट ताटकळले होते, आणि त्या आजारात ताटकळायला फार सवड नसते. हे कळत होतं म्हणून तर वहिनींचा जास्त जळफळाट होत होता. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

बाईंनी फिटर आणि वहिनींपुढे नकाशा पसरला. कुठल्या दाराने आत, कुठल्या दाराने बाहेर, बाहेर गोळीबार सुरू झाला तर कुठल्या जिन्याखाली थांबायचं, सगळं बोट ठेवून दाखवलं. मग टेबलाखाली वाकून त्यांनी फिटरचे पाय बघितले.

"हे बूट नकोत. करकरतात."

"लग्नापासून सांगतेय मी!" वहिनी म्हणाल्या, आणि या बाईवर रागावणं आपल्याला जमणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"आता ओळखीचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "फोन बंद पडले आणि परक्या नंबरवरून निरोप आला, तर तो यांचाच कशावरून? म्हणून एक प्रश्न ठरवून ठेवायचा. उत्तर तुम्हा दोघांनाच माहीत हवं."

वहिनींना विचारच करावा लागला नाही. "लग्न ठरल्यावर यांनी मला पहिली वस्तू काय दिली?"

"घड्याळ," फिटर म्हणाला.

"छत्री!"

"अगं, होणाऱ्या बायकोला कुणी छत्री देतं का?"

"तुम्ही दिलीत. घड्याळ माझ्या भावाला दिलंत, तो अजून मिरवतो."

हा वाद त्यांच्या संसाराएवढाच जुना होता आणि संसारासारखाच रेटत चालला होता. बाईंनी टेबलावर थाप मारली. "छत्री. ठरलं. उत्तर चुकलं तर निरोप पाठवणारा आपला माणूस नाही असं मी धरणार, आणि यांना आणायला गाडी शहरात जाणार नाही. कळलं?"

फिटरने मुकाट मान डोलावली. तो गेला. पंप चालू झाल्याचा निरोप आला आणि त्याच दुपारी त्या शहरातले फोन बंद पडले. वहिनी तडक ऑफिसात येऊन बसल्या. बाईंनी आपल्या शेजारी खुर्ची ओढून दिली, पण खोटा धीर दिला नाही. वहिनींना ते बरं वाटलं.

दिवस कलायला लागला तसा कुणाच्या तरी सॅटेलाइट फोनवरून मेसेज आला. हॉस्पिटलचं मागचं दार बंद, गाडी शाळेच्या गल्लीत पाठवा. शाळेची गल्ली नकाशात ठरलेली नव्हती. ड्रायव्हर शहराच्या वेशीवर थांबला होता आणि अंधार पडला की रस्ता बंद होणार होता. बाईंनी ठरलेला प्रश्न पाठवला.

उत्तर आलं, "घड्याळ."

बाईंचा चेहरा उतरला. "वहिनी, चुकलं."

"तेच आहेत!"

"माझंही मन तेच म्हणतंय. पण ड्रायव्हरच्या घरीही माणसं आहेत. घड्याळ काय, अंदाजाने कुणीही म्हणेल."

खरं होतं ते. आपल्या माणसासाठी दुसऱ्याचा माणूस पणाला कसा लावायचा? मग एकदम वहिनी ताठ बसल्या.

"विचारा, छत्री तर नव्हती ना?"

"उत्तर आपणच हातात द्यायचं?"

"द्या. दुसरा कुणी असेल तर लगेच हो म्हणेल. आमचे हे मेले तरी..." वहिनींनी जीभ चावली. "आमचे हे काही हो म्हणायचे नाहीत."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि प्रश्न पाठवला. दोघी फोनकडे बघत राहिल्या.

"छत्री नव्हती. तिला सांगा, आता तरी पुरे."

वहिनी हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळेना. बाईंनी ड्रायव्हरला शाळेची गल्ली समजावली आणि म्हणाल्या, "नीघ. सांभाळून."

फिटर सुखरूप परतला. वहिनींनी ड्रायव्हरला हात जोडले, आणि बाईंचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं खोडलंत, म्हणून माझा माणूस शाबूत आला. हे उपकार मी विसरणार नाही." बाई हात सोडवून घेऊन नकाशाची घडी घालू लागल्या. नाही म्हणायची सवय, आभार घ्यायची कुठली असणार!

घरी फिटर पाय पसरून खुर्चीत बसला. मग म्हणाला, "गाडीत आठवलं गं. काळी होती. लाकडी मुठीची. छत्रीच दिली होती मी तुला. माझंच चुकत होतं."

या एका वाक्यासाठी वहिनी इतकी वर्षं भांडल्या होत्या. त्या खुर्चीमागे आल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"खबरदार," त्या म्हणाल्या. "घड्याळच होतं."