थांबायची जागा

जहांगीरभाईंच्या रिक्षावर दोन भोंगे आहेत, आणि त्यांचा आवाज ठाऊक नसलेला माणूस लातुरात सापडणं अवघड. साड्यांचा सेल असो, सभा असो, कुणाची हरवलेली म्हैस असो, तीस-पस्तीस वर्षं हा माणूस माइक तोंडाशी धरून पुकारत आलाय. अलीकडे म्हशी हरवायच्या बंद झाल्या आणि पुकारायला उरले ते क्लास. शहरात आता एक खांब रिकामा नाही. प्रत्येकावर डॉक्टर होऊ घातलेलं एखादं पोर हसत असतं, खाली त्याचे मार्क. जहांगीरभाई दिवसभर ते मार्क पुकारतात.

त्यांचा मुलगा अनस रॅप करतो. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, संध्याकाळी उदगीरच्या सत्यमबरोबर गाणी करायचा. शब्द अनसचे, बीट सत्यमची. दोन वर्षांत दोघांनी अकरा गाणी इंटरनेटवर टाकली. दहा गाण्यांत जे सगळेच म्हणतात तेच होतं, मी कोण, तू कोण, माझ्या वाटेला जाऊ नको. अकराव्यात नुसती नावं होती.

त्या नावांची गोष्ट अशी. भूकंप झाला त्या सकाळी जहांगीरभाई बावीस वर्षांचे होते. त्यांची धाकटी बहीण लुबना किल्लारीकडच्या एका खेड्यात दिलेली, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. बातमी कळली तशी त्यांनी भोंग्यांसकट रिक्षा काढली. पोचले तर तिथं खेडं नव्हतं, नुसता दगडमातीचा ढीग होता. माती उपसणाऱ्यांनी भोंगे पाहिले आणि त्यांना तिथंच कामाला लावलं. एका गल्लीतली बावीस नावं कुणीतरी वहीच्या पानावर लिहून दिली, तेविसावं जहांगीरभाईंनी स्वतः खाली लिहिलं. नाव पुकारायचं, मग इंजिन बंद, फावडी बंद, आणि चार श्वास थांबून खालून कुणी बोलतंय का ते ऐकायचं. मग पुढचं नाव. तेवीस नावांत एकानं ओ दिली. धोंडप्पा नावाचा म्हातारा, तुळईखालून जिवंत निघाला. शेवटचं नाव लुबनाचं. तिला शेवटाला का ठेवलं, हे जहांगीरभाईंना आजही सांगता येत नाही. तिच्यासाठी ते चार श्वास थांबले, आणखी चार थांबले, आणखी चार. शेवटी लोकांनी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

हे त्यांनी अनसला एकदाच सांगितलं. घरात दखनी बोलणारा माणूस, पण हे मराठीत सांगितलं, कारण त्या दिवशी सगळं मराठीतच पुकारलं होतं. अनसनं भीतभीत विचारलं, याचं गाणं करू का? जहांगीरभाई बराच वेळ भोंग्याची वायर गुंडाळत राहिले.

"कर," ते म्हणाले. "एखादं नाव मागं-पुढं झालं तर चालंल. पण थांबायची जागा खाऊ नको."

अनसनं ती खाल्ली नाही. नाव, मग बीट बंद, चार श्वास काही नाही, मग पुढचं नाव. धोंडप्पाच्या नावानंतर तेवढी एक बारीक "ओ". सत्यम वैतागला होता, "अरे, लोकांला वाटंल नेट गेलं!" लोकांना खरंच तसं वाटलं. वर्षभरात ते गाणं चारशे बारा वेळा वाजलं, त्यातल्या निम्म्या वेळा अनसनंच वाजवलेलं. गाणं खरं होतं आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. पण नुसत्या तेवढ्या माहितीवर चोवीस वर्षांचं पोर किती दिवस काढणार?

एकदा मन्मथ सर रिक्षापाशी आले. त्यांचा क्लास चार मजली, आणि त्याची जाहिरात जहांगीरभाईच पुकारायचे. त्या दिवशी अनस नव्या भोंग्याची चाचणी त्याच गाण्यावर घेत होता. सर शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते. अनसला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

"नाव घेतो अन् थांबतो, हे लई भारी हाय," सर म्हणाले. "फक्त तिथं रिकामं वाटायलंय. तिथं पोरांनी 'हजर' म्हणायचं. आमच्या टॉपरची नावं घे. नाव, हजर. नाव, हजर. बघ कसं उचलतंय ते."

"सर, दुसरं करून देतो. हे न्हाई."

"दुसरं लई जण करायलेत. मला हेच पायजे. तुझ्या नावानं सोडू, व्हिडिओ काढू. दोन जिल्ह्यांतली पोरं ऐकतील तुला. आता कोण ऐकतंय?"

त्या शेवटच्या प्रश्नानं घात केला. अनस आठ दिवस नाही म्हणत राहिला आणि नवव्या दिवशी हो म्हणाला. पैशासाठी म्हणाला असता तर त्याला माफ करणं सोपं होतं. त्याला ऐकणारे कान हवे होते. स्वतःची समजूत त्यानं अशी घातली, की नावं वेगळी, शब्द वेगळे, मूळ गाणं जागच्या जागी आहे. लोक याच्यासाठी येतील आणि मग तेही ऐकतील. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशार होतो!

घरी सांगितलं तेव्हा जहांगीरभाईंनी एवढंच विचारलं, "आपलं गाणं तसंच राहील ना?"

"हौ अब्बा. ते येगळं, हे येगळं."

"मग कर."

होस्टेलच्या मेसमध्ये चाळीस पोरं उभी करून 'हजर' रेकॉर्ड केलं. गाणं जूनमध्ये सुटलं, आणि पंधरा दिवसांत लातूर-नांदेड रस्त्यावर ते न वाजवणारी वडापची जीप उरली नाही. वर्गात हजेरी घेताना पोरं त्याच तालात ओरडू लागली. हदगावच्या एका हळदीत नवऱ्याचं नाव घेतलं आणि सगळा मांडव 'हजर' म्हणाला, त्याचा व्हिडिओ लाखांनी पाहिला. रस्त्यात थांबवून लोक अनसबरोबर फोटो काढू लागले. त्याला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि जहांगीरभाई ते गाणं भोंग्यावर लावून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गावभर फिरत होते, कारण काम ते काम.

सप्टेंबरात नांदेडच्या एका कॉलेजनं कार्यक्रमाला बोलावलं. अनसनं भूकंपाचीच तारीख मागून घेतली आणि अट घातली, आधी माझं मूळचं गाणं होईल, मग 'हजर'. आयोजक म्हणाले, करा की, काय बी करा. अनसनं वडिलांना सांगितलं, "तुम्ही या. लोकांसमोर तुम्ही ते ऐकलेलं न्हाई." जहांगीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या एसटीनं त्याच्याबरोबर गेले.

दुपारी चारला मैदानावर दोनेक हजार पोरं होती. जहांगीरभाईंना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. गाणं सुरू व्हायच्या आधी त्यांनी खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला.

"हे गाणं माझ्या घरचं हाय," अनस माइकवर म्हणाला. "नाव घेतल्यावर मी थांबंन. तुम्ही बी थांबा." पोरांनी टाळ्या पिटल्या.

"गुणाबाई." बीट बंद झाली. अनसनं पहिला श्वास घेतला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "हजर!"

हशा पिकला. अनसनं हात वर केला, गप्प राहा म्हणून. पोरांना वाटलं, अजून मोठ्यानं म्हणतोय. "बसम्मा." "हजर!" "अण्णाराव." "हजर!" दोन हजार गळ्यांनी.

"अरे थांबा! मेलेली माणसं हायत ही!"

पोरं चपापली. ती काही वाईट नव्हती. पुढची पाच-सहा नावं ती गप्प राहिली, पण त्या गप्प राहण्यात दाबलेलं हसू ऐकू येत होतं, आणि धोंडप्पाची बारीक "ओ" आली तसं ते फुटलं. मग कुणी थांबवायला गेलं नाही. अनस नावं घेत गेला, पोरं हजेरी देत गेली. ज्या एक-दोन नावांना ती चुकून गप्प बसली, तिथंही त्याच्या स्वतःच्या कानात चाळीस पोरं 'हजर' म्हणाली. तेव्हा त्याला कळलं, की आता हे गाणं कुठंच उरलेलं नाही.

बावीस नावं झाली. तेविसावं राहिलं होतं. अनसनं पुढच्या रांगेकडं पाहिलं. जहांगीरभाई मान खाली घालून बसले होते, ऐकायला बसावं तसे. अनसनं माइक खाली केला. ते नाव त्यानं घेतलंच नाही. पोरं थोडा वेळ वाट बघत राहिली. मग त्यांना वाटलं, माइक गेला असेल, नाव ऐकू आलं नसेल. त्यांनी आपण होऊन सांभाळून घेतलं.

"हजर!"

संध्याकाळच्या एसटीत बाप-लेक शेजारी बसले. दुसरं गाणं न करताच अनस स्टेजवरून उतरला होता. लोहा गाव मागं पडलं.

"लुबनाचं राहिलं," जहांगीरभाई मराठीत म्हणाले.

"हौ."

"बरं केलंस." ते म्हणाले. "दरसाल या तारखेला मी तिचं नाव घेतो. मनात. चार श्वास थांबतो. काय येत न्हाई, तरी थांबतो. तेवढंच होतं माझ्यापाशी."

अनसनं मान हलवली.

"आज सकाळी घरून निघताना बी घेतलं. तर मनातल्या मनात सगळी पोरं बोलली. हजर म्हणून."

त्यांच्या आवाजात राग असता तर अनसला त्यांचे पाय धरता आले असते. राग नव्हता. मोबाइल बिघडला की गिऱ्हाईक त्याच्याकडं ज्या भरवशानं यायचं, त्या भरवशानं त्यांनी लेकाकडं पाहिलं.

"ते काढता येतं का रे?"

"न्हाई, अब्बा," अनस म्हणाला.