सातांची एकच रेघ

“सातही उपग्रहांच्या वीजपेट्या एकसारख्या करू नकोस, यान्तीन,” प्रयोगशाळेतला जुना अभियंता वुब्बे म्हणाला होता. “एकाची गुणगुण सातांच्या संकेतांच्या बेरजेत विरून जाते. सातही एकाच सुरात गुणगुणले, तर बेरजेत तेवढंच उरेल.”

“सात वेगळ्या पेट्या करायला तू काय शंभर वर्षं जगणारेस?” ती हसून म्हणाली होती. वसंतात तो निवृत्त झाला.

आता पडद्यावरच्या आलेखात, कुठल्याशा गुणगुणीची एक रेघ उभी होती. शुक्रवारी उपग्रह रवाना व्हायचे होते. चंद्राआड जाऊन, जमिनीपर्यंत कधीच न पोचणाऱ्या लांब रेडिओलहरी ऐकायला.

गुणगुण बाहेरून येत असेल म्हणून यान्तीननं कॉफीचं यंत्र बंद करवलं. मग चिखल तुडवत शेजारच्या गोठ्यावर गेली.

“कुंपणाचा करंट दहा मिनिटं बंद ठेवा.”

“गायी तुझ्या प्रयोगशाळेत शिरल्या, तर दूध तूच काढ,” शेतकरी म्हणाला.

रेघ हलली नाही.

“आता गायीही बंद करायच्या का?” सोबतच्या योरितनं विचारलं.

“तू तेवढा बंद हो.”

तिनं एकेक उपग्रह तपासला. एकट्याची रेघ दिसेना. सातांची बेरीज केली की लख्ख. खेकसायला कुणी उरलं नाही. पेट्या सीलबंद होत्या, आणि न उघडता त्यांचा सूर कसा बदलायचा, ते एकट्या वुब्बेला माहीत होतं.

टेबलावरच्या फोनवरून तिनं त्याला पाच वेळा फोन केला. मध्ये लेकीच्या, फेन्नाच्या पाळणाघरालाही.

“खोकतेय, पण खेळतेय. दुपारपासून चौथ्यांदा सांगतेय,” तिथली बाई म्हणाली.

“हा म्हातारा मुद्दाम उचलत नाहीये,” यान्तीन करवादली.

आवारात मोबाइलला बंदी. पावणेसहाला तिनं फाटकावरच्या पत्र्याच्या पेटीतून आपला काढला. वुब्बेचे चार आवाजी निरोप, महिनाभराचे. पुन्हा पेट्यांचं तेच ऐकवणार, म्हणून तिनं एकही उघडला नव्हता.

“कॉफीला ये. तारीख तू सांग.” दुसरा तसाच. तिसऱ्यात, “छोटीला आण.”

चौथा आज सकाळी नऊ चाळीसचा. त्यात शब्द नव्हते. यान्तीननं फोन कानाशी घट्ट दाबला. फेन्नाच्या पाळण्याशी वाकून ऐकायची, तशी ऐकत राहिली. श्वास होता. ओढलेला, मध्येच अडलेला.

वुब्बेचं गाव, बायलेन, वीस मिनिटांवर. तिनं आधी रुग्णवाहिका बोलावली, मग गावाच्या गटावर लिहिलं: ‘आत्ता बायलेनमध्ये कुणी आहे का? कालव्याकाठी, निळं दार, वुब्बे. न कळवता कुणाच्या घरी जायचं नाही, ही आपली रीत आज राहू द्या. कृपा करून थेट आत जा.’