हरणाचा वाटा

"हरणं अल्लाची, तुझ्या बापाची नव्हेत!" गावकरी फाटकाशी ओरडायचे. "जमीन माझी आहे!" माझा अर्बाब, म्हणजे मालक, सालेम आतून ओरडायचा. इथे आखातात, सीब गावामागच्या डोंगरातली हरणं आमच्या शेतात लसूणघास खायला यायची आणि तारेच्या कुंपणाआत असेपर्यंत वाचायची. शिकारीला बंदी होती, पण पाळतो कोण!

मी रमण, त्या शेताचा राखणदार. दोन वर्षं ही भांडणं ऐकून माझं डोकं उठलं होतं. शेवटी मीच शहाणपणा केला. म्हटलं, "अर्बाब, आमच्या कोकणात शिकारीचं जनावर ज्याच्या जमिनीत पडतं, त्याला एक वाटा देतात. भांडणच उरत नाही." हरणांचा विचार मनात आलाच नाही. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

दोन्हीकडच्यांना ते पटलं. शुक्रवारी सकाळी फाटक उघडलं आणि शेतात चार बार झाले.

दुपारी सालेमने हसत माझ्यापुढे एक तंगडी ठेवली. "न्याय तुझा, मग वाटाही तुझा."

तंगडीवर माझ्या जुन्या लुंगीची चिंधी होती. तारेत त्या हरणाचा पाय फाटला म्हणून गेल्याच आठवड्यात मी ती बांधली होती.