काकांचे वरचे सहा दात

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. मित्राबद्दल आहे, वाचेल आणि चिडेल. चिडू दे.

आम्ही दोघं कवळ्या बनवतो. एक खोली, तीन टेबलं, प्लास्टरची धूळ आणि नाकात कायमचा बसलेला केमिकलचा वास. मी बघून बघून शिकलो, तेही त्याच्याच हाताकडे. त्याला सगळे बारीक म्हणतात, अंगाने तसा आहे म्हणून आणि कामही तसंच म्हणून. त्याने लावलेला दात खोटा आहे हे आईसुद्धा ओळखणार नाही. आणि त्याचे स्वतःचे वडील, आमचे काका, वर्षभर बोळक्या तोंडाने पेज पीत होते.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, जे मागतील ते द्या. म्हणजे काय ते आपल्याला कळतं. काकांनी मागितला टोस्ट. भिजवून नाही, कोरडा. "कुरकुर वाजलं पाहिजे," म्हणाले.

मग बारीकने एकदाची कवळी घेतली हातात. मेणात दात लावले, घरी नेऊन काकांच्या तोंडात बसवून बघितले, मस्त बसले. काल ती शिजवायची होती. म्हणजे मेण काढून त्या जागी पक्कं प्लास्टिक भरायचं. संध्याकाळी घरी न्यायची.

सकाळी मालक धावत आले. एका हॉटेलवाल्याची कवळी फुटली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या नव्या हॉटेलचं उद्घाटन. त्याच्या कवळीच्या रंगाचे पुढचे दात संपलेले, दुकानातही नाहीत.

बारीक उठला. फळीवरून काकांची मेणाची कवळी घेतली. चाकू गरम केला आणि वरचे सहा दात एकेक करून उचकटले. वाटीत टक टक वाजत होते.

"अरे ए! काकांचे आहेत ते."

"माहितीये. रंग जुळतोय. काका कुठे पळून चाललेत?"

मला खरंच किळस आली. दात बघून नाही, दात आम्ही दिवसभर बघतो. त्याचा चेहरा बघून. खूष होता तो! अडचण सुटली म्हणून खूष. मालकांनी त्याची पाठ थोपटली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'आधी काम, मग घर. आमचा हिरा.' खाली अंगठ्यांची रांग. माझा अंगठा नव्हता.

संध्याकाळी मला म्हणतो, "घरी जाऊन सांगून ये ना. माप चुकलं म्हण."

गेलो. काका दाढी करून, केस विंचरून खुर्चीत बसलेले. समोर बशीत टोस्ट, वर झाकण.

वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एकटेच? हे कुठे राहिले?"

"अर्जंट काम आलं, वहिनी." माप चुकलं असं काही तोंडातून निघेना.

"त्यांचं अर्जंट आमच्या वाट्याला कधी येणार, ते तरी विचारून या." त्या आत गेल्या. भांडी जरा जोरातच वाजली.

काका मात्र हसले, नुसत्या हिरड्यांनी. "कामाचा पक्का आहे पोरगा. माझ्यावर गेलाय. तो जन्मला तेव्हा मी छापखान्यात मशिनीवर होतो. चार दिवसांनी तोंड बघितलं त्याचं!" हे असं सांगत होते जणू बक्षीस मिळालंय. मला शिसारी आली. बापाची, मुलाची, त्या ग्रुपवरच्या अंगठ्यांची, सगळ्याचीच.

निघताना त्यांनी माझा हात धरला. स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाले, "पण जरा लवकर करा रे."

परत आलो तर बारीक मोटरवर हॉटेलवाल्याची कवळी चमकवत होता.

"काय म्हणाले बाबा?"

"अभिमान वाटतो म्हणाले."

हा गालात हसला. कानाखाली द्यावीशी वाटली.

"आणि लवकर करा म्हणाले. वहिनींना ऐकू जाणार नाही असं."

त्याने मोटर बंद केली. फळीवरच्या मेणात सहा खड्डे होते, त्यांच्याकडे बघत राहिला. "सोमवारी नवीन दात येतायत. त्याच रंगाचे."

"सोमवारपर्यंत थांबायला काकांना मालक सांगणार आहेत का?"

"दुसऱ्या रंगाचे लावू? मागचे एक, पुढचे एक? असलं काम माझ्या हातून जात नाही."

"टोस्टला रंग कळतो का रे? काकांचा फोटो कोण काढणार आहे?"

तो चाकूच्या टोकाने नखातलं मेण काढत बसला. डोळे भरले होते, पण मला दया नाही आली. खोटं कशाला लिहू. अजून किळसच येत होती. फक्त आता त्याला एकट्याला घरी पाठवायची भीतीही वाटत होती.

मी त्याच्या हातातून चाकू घेतला. म्हटलं, "हे बघ, मी लावतो. पांढरे मिळाले तर पांढरे, पिवळे मिळाले तर पिवळे. वाकडे लागले तर माझं नाव. उद्या दुपारी कवळी तयार असेल, शब्द देतो. तू फक्त घरी यायचंस आणि तुझ्या हाताने बसवायचीस. मालकांचा फोन मी उचलीन. आणि खोटं नाही बोलणार. सांगीन, बारीक बापाचा टोस्ट ऐकतोय, नंतर करा."