बसव्वाची चार वाक्यं

खोटं कशाला बोलू, दोष माझाच. तपासणीच्या साहेबांनी जे ऐकलं तेच लिहिलं.

चौऱ्याहत्तर साली मी सोलापुरात होटगीच्या रस्त्याकडं एका शाळेत कन्नड वर्ग शिकवायचे. आवारात मराठीचे चार वर्ग आणि कडेला पत्र्याखाली माझा एक. पोरं मला अक्कोर म्हणायची, म्हणजे बाई. आईच्या भाषेत शिकवायचं, मराठी हळूहळू आणायची, असा कागदावरचा नियम. मराठीकडचे हेडमास्तर येता-जाता चिडवायचे, "गौरम्माबाई, तुमच्या पोरांना मराठीत पाणी तरी मागता येतं की नाही?" माझ्या नाकावर कायम राग. म्हटलं, थांबा, दाखवतेच.

तपासणीला साहेब येणार कळल्यावर मी तीन आठवडे कन्नड पुस्तकं मिटून ठेवली आणि पोरांकडून मराठी वाक्यं घोटून घेतली. दुसरीतली बसव्वा सगळ्यांत पुढं. बाप हमाल, आई सुंदरम्मा कर्नाटकातल्या इंडीकडची, घरात मराठीचा गंध नाही. पण कन्नड धडा पोरगी न अडखळता वाचायची आणि संध्याकाळी आईला अक्षरं गिरवायला लावायची. त्या घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. तिला मी चार वाक्यं पाठ करायला दिली. अर्थ नंतर सांगू म्हटलं.

साहेब आले तशी मी बसव्वाला उभं केलं. "माझं नाव बसव्वा. मी दुसरीत शिकते. मला शाळा आवडते. मला मराठी येते." खणखणीत म्हणाली. साहेब खूश झाले. मी हेडमास्तरांकडं बघून घेतलं. लई मिरवले त्या दिवशी.

महिन्यानं हुकूम आला. मुलांना मराठी उत्तम येते, वेगळ्या वर्गाची गरज नाही, जूनपासून मराठीत बसवा. मला चौथी दिली.

मी कचेरीत धावले. सांगितलं, पोरांना काही कळत नाही, ते नुसतं पाठांतर होतं. कारकून शांतपणे म्हणाला, "म्हणजे साहेबांना फसवलंत. तसं लिहून देता का, बाई?" समोर कागद ठेवला. घरी माझ्या एकटीच्या पगारावर पाच माणसं. मी पेन उचललं नाही. अजून लाज वाटते.

माझ्या आणि बसव्वाच्या वर्गांच्या मध्ये नुसता बांबूचा तट्ट्या होता. तिचे गुरुजी विचारायचे, "बसव्वा, सात आणि पाच किती?" ती म्हणायची, "माझं नाव बसव्वा. मला मराठी येते." वर्ग हसायचा. रोज हसायचा. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे.

श्रावणात सुंदरम्मा पोरीचं नाव काढायला आली. म्हणाली, "रोज रडतीय, अक्कोर. घरी राहती, धाकट्याला बघती." ती घरी कन्नडच बोलायची, पण शाळेच्या आवारात आल्यावर तीही घाबरून बाजारात ऐकलेली मोडकी मराठी बोलत होती.

जाताना बसव्वा माझ्यापाशी थांबली. कन्नडमध्ये हळूच विचारलं, "अक्कोर, मी कुठलं वाक्य चुकले?"

"एकही नाही," मी म्हटलं.