तीन नंबरचे ठोके

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोच्या इस्पितळात हृदयाच्या रुग्णांसाठी आठ खाटा होत्या. व्हरांड्यापलीकडे आणखी आठ वाढवल्या, तेव्हा तेर्यो नावाचा तंत्रज्ञ कॉम्प्युटरमध्ये दुसरं कार्ड बसवायला आला. प्रत्येक खाटेजवळच्या यंत्राची वायर या कार्डांना जोडलेली, त्यामुळे सगळ्यांचे ठोके माझ्या, म्हणजे मुख्य नर्सच्या, टेबलावरच्या पडद्यावर दिसत. धोक्याची घंटाही तिथेच वाजे. खाटेशी वाजली की शेजारचे रुग्ण दचकायचे, म्हणून तिथली बंद ठेवलेली.

मी वयाने मोठी, म्हणून तेर्यो मला मनांग, म्हणजे ताई, म्हणायचा. "मनांग, सोळाही दिसतायत बघा. जरा जेवून येतो," म्हणत तो गेला.

थोड्याच वेळात घंटा वाजली. खाट तीन, ठोके अडतीस. मी धावले, तर पासिंग आजी भाताची पेज ओरपत बसलेली.

"काय गं, मेले की काय मी?"

"पडदा तसं म्हणतोय, आजी."

मर्लिंडा, माझ्या हाताखालची नर्स, म्हणाली, "वायर ढिली असेल. घंटा बंद करू?"

आजीच्या खाटेजवळच्या यंत्रावर मात्र अठ्ठ्याहत्तर होते. शिवाय ढिल्या वायरची रेघ तुटक येते. पडद्यावरची रेघ स्वच्छ होती, फक्त संथ.

"थांब! हे ठोके कुणाचे तरी आहेत. सगळ्या खाटा बघ, पलीकडच्याही!"

अकरा नंबरवर क्रिसांतो नावाचा कोळी होता. ओठ निळे पडलेले. त्याला झोप लागली असं समजून बायको वारा घालत होती. डॉक्टरांना हाक मारली, इंजेक्शन दिलं. हळूहळू ठोके वाढले.

तेर्यो घास टाकून आला. त्याने कॉम्प्युटरची पेटी उघडली. कार्डाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या बटणांची रांग होती. कुठल्या कार्डाचे नंबर एकपासून आणि कुठल्याचे नऊपासून, हे त्यांवर ठरायचं.

"यात बटण वर म्हणजे बंद. मी दोन्ही कार्डांवर उलटं धरलं," तो म्हणाला. "नव्या खाटा एकपासून लागल्या, जुन्या नऊपासून. ठोके दिसले, मला वाटलं झालं काम."

"दिसले रे, पण कुणाचे?"

पेनाच्या टोकाने त्याने दोन्ही कार्डांची बटणं उलट बाजूला सरकवली. मग म्हणाला, "तुम्ही पडद्यापाशी बसा. मी एकेक वायर काढतो. कुठला नंबर गेला ते ओरडून सांगा."

अकरा नंबरशी तो अडखळला. क्रिसांतोच्या बायकोने विचारलं, "तूच का तो वायरवाला?"

"हो. चूक माझीच झाली."

तिने नवऱ्याच्या छातीवरची चादर बाजूला केली. "मग बघतोस काय? काढ. आणि लगेच परत लाव."

"अकरा गेला!" मी ओरडले. "आला!"

पुढच्या आठवड्यात क्रिसांतो आपल्या पायांनी घरी गेला.